शेवंताची मान

कुंदाबाईंनी काठी घोडीच्या खालच्या ओठाशी उभी धरली, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि वहीत लिहिण्याआधी डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"एकशे अठरा."

"अक्का, माझ्याकडे नका बघू," मृणाली म्हणाली. "माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये, म्हणून तर तुम्हाला नेमलंय."

"मी आकडाच वाचस, बाई. तुमना चेहरा आपोआप दिसस."

सुई टोचून दहा मिनिटं झाली होती. टोचण्याआधी शेवंताचा ओठ जमिनीपासून एकशे बावीस सेंटिमीटरवर होता. आधीच्या पाच जनावरांच्या माना दहा मिनिटांत गुडघ्यापर्यंत आल्या होत्या, ओठ लोंबले होते, पाय फाकले होते. आणि ही पांढरी घोडी चार सेंटिमीटर उतरून, मान ताणून अशी उभी होती की आता कुणीतरी फेटा बांधून हिच्यावर बसणार आहे.

तोताराम नाना खुंट्यापाशी दोर धरून उभे होते. त्यांनी एक अक्षरही उच्चारलं नव्हतं. बोलायचं नाही, असं मृणालीनं दोन्ही सोमवारी बजावलं होतं आणि नानांनी ते पाळलं होतं. पण न बोलता मिशीतल्या मिशीत हसायला तिनं मनाई केली नव्हती.

गेल्या सोमवारीही हेच झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी नानांनी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकवलं, की कॉलेजातून औषध आणलं, बाटलीवर इंग्रजीत चार ओळी होत्या, पण आपल्या घोडीनं मान टाकली नाही. शिंदखेड्यापर्यंत ही बातमी मंगळवारी पोचली. बुधवारी धुळ्याच्या बसमध्ये मृणालीच्या शेजारच्या माणसानं तीच बातमी तिलाच सांगितली आणि वर विचारलं, "ती डॉक्टरीण नवशिकी असंल, नाही?"

मृणाली हो म्हणाली.

नवशिकी ती नव्हती. पशुवैद्यकाची पदवी होऊन तीन वर्षं झाली होती आणि आता ती पुढच्या पदवीचा प्रबंध करत होती. विषय सांगायला सोपा होता. घोड्याला न झोपवता, उभ्याउभ्या गुंगी आणणारी दोन औषधं आहेत. झायलाझिन जुनं, डेटोमिडिन त्या मानानं नवं. कुणाची गुंगी जास्त खोल, कुणाची जास्त वेळ टिकते, हे एकाच जनावराला आठवड्याच्या अंतरानं दोन्ही देऊन पाहायचं. मान किती खाली येते आणि किती वेळानं परत वर जाते, एवढ्यावर तुलना ठरायची. जनावरं सहा हवी होती. नुसतं टोचायला कुणी आपली घोडी देणार नाही, म्हणून बदल्यात गुंगीतच दात तपासून, घासून द्यायचे, असा सौदा होता. वरातीच्या घोड्यांचे दात आयुष्यात कुणी पाहिलेले नसतात, त्यामुळे सौदा खरं तर घोड्यांच्या फायद्याचा होता.

आकडे वाचणाऱ्याला मात्र आज कुठलं औषध टोचलंय हे ठाऊक असता कामा नये. पाच जनावरं होईपर्यंत हे काम तिचा वर्गमित्र प्रशील करत होता. मग तो यावलच्या दवाखान्यात रुजू झाला आणि सहाव्या घोडीसाठी माणूस उरला नाही. नाना लगेच पुढे झाले. घोड्यांमधलं त्यांना सगळंच कळतं, ते म्हणाले. तेच आडवं आलं. शेवटी मृणालीनं कुंदाबाईंना विचारलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या, आकडे खणखणीत वाचायच्या आणि घोडी या प्राण्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं.

"म्हणजे तुम्ही काय टोचशात ते माले सांगावाव नहीत?" कुंदाबाईंनी खात्री करून घेतली.

"नाही सांगणार."

"ते जमी. चाळीस वरीस व्हयनात, या घरमा माले न सांगताच बठ्ठं चालस."

नाना तेव्हाही मिशीतल्या मिशीत हसले होते.

पंधराव्या मिनिटाला कुंदाबाईंनी पुन्हा काठी लावली.

"एकशे वीस."

म्हणजे मान दोन सेंटिमीटर वरच गेली होती. मृणालीनं पेटीतून बाटली काढली, चिठ्ठी वाचली, तारीख वाचली, बाटली उन्हात धरून पाहिली. याच बाटलीतलं औषध दोंडाईच्याच्या घोड्याला दिलं होतं आणि तो दोन तास भिंतीला कपाळ टेकून उभा होता. सुई शिरेतच गेली होती. सिरिंजमध्ये आलेलं रक्त तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग चूक कुठे झाली? आठवडाभर तिनं हाच विचार केला होता. जेवताना केला, आई बोलत असताना केला. ही सहावी घोडी हातची गेली तर प्रबंधात पाचच उरणार होत्या आणि पाचांवर तो स्वीकारला जाणार नव्हता. महिनाअखेर चुकली की सहा महिने पुढे. तिच्या मार्गदर्शक सरांनी हे फोनवर फार प्रेमानं सांगितलं होतं, त्यामुळे ते जास्तच लागलं होतं.

आणि प्रबंधापेक्षाही एक गोष्ट तिला खुपत होती. शेवंता आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, वाळत चालली होती. तिच्या गव्हाणीत अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले गोळे पडलेले असायचे. नाना म्हणायचे, कडबा खराब आहे. मृणालीला दातांचा संशय होता, पण शेवंता ओठापलीकडे कुणाचं बोटही जाऊ देत नव्हती. मान खाली आल्याशिवाय तिचं तोंड उघडणार नव्हतं. तीन आठवड्यांनी तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू झाल्या असत्या, मग हिला कोण सोडणार होतं?

नानांना तिचा चेहरा बघवेना. बोलायची मनाई विसरून ते म्हणाले,

"ताई, तुमना दोष नही. औषध बी चांगलं व्हई. पन शेवंतानं रगतच येगळं शे. बठ्ठा जिल्हानं औषध टोचा, हाई मान खाले येवाव नही."

"नाना, बोलायचं नाही ना."

"नही बोलत."

कुंदाबाई उपड्या घमेल्यावर बसल्या होत्या. मांडीवर वही, कानामागे पेन. गेल्या सोमवारी दोन आकड्यांच्या मधल्या पाच मिनिटांत त्या घरातलं काम उरकून यायच्या. आज मात्र मृणालीनं, फक्त घोडीकडे बघा, एवढंच सांगितलं होतं. म्हणून त्या बघत होत्या. लग्न होऊन आल्यापासून या घरात त्यांनी पाच घोड्यांची लीद काढली होती, पण एका घोडीकडे सलग पाच मिनिटं नुसतं बघत बसायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

शेवंताची पापणी अर्ध्यावर आली. खालचा ओठ सैल पडला आणि थोडा थरथरला. मग मान उतरायला लागली, हळूहळू, वीतभर. आणि एकदम डावा कान मागे फिरला आणि मान पुन्हा होती तिथे गेली.

कान जिकडे फिरला होता तिकडे कुंदाबाईंनी पाहिलं. तिकडे नाना उभे होते. तोंड घट्ट मिटलेलं, नजर घोडीवर.

त्यांनी पुन्हा घोडीकडे पाहिलं. पापणी आली. ओठ सैल पडला. मान वीतभर उतरली. या वेळी कुंदाबाईंनी कान दिला आणि त्यांना ते ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे काय, रोजच यायचं. पिठाच्या चक्कीजवळ राहणाऱ्याला चक्की जितपत ऐकू येते, तितपत. नानांच्या मिटल्या तोंडातून, गळ्याच्या खालून कुठून तरी एक आवाज निघाला.

"हं."

शेवंताची मान वर गेली.

हा आवाज म्हणजे नानांचा अर्धा धंदा होता. वरात तीन-तीन तास चालते. घोडी दमते, मान टाकते. मग मुलीकडचे म्हणतात, थकलेली घोडी आणली, फोटोत नवरदेव पडेल दिसतो, आणि ते बोल वर्षभर पुरतात. नाना लगामाला हात लावून शेजारून चालायचे आणि मान जरा उतरली की नुसतं हं म्हणायचे. बँडच्या गोंगाटातही ते घोडीला बरोबर कळायचं. तोताराम नानांची घोडी मान टाकत नाही, हे दोंडाईच्यापासून नरडाण्यापर्यंत लोकांना माहीत होतं आणि म्हणून लोक त्यांच्याकडे यायचे. चाळीस वर्षांत तो आवाज नानांच्या श्वासातच मिसळून गेला होता. आपण तो करतो, हे आता त्यांनाही कळत नव्हतं.

कुंदाबाईंनी तिसऱ्यांदा खात्री केली. मग पेन कानामागून काढून वहीत ठेवलं आणि अगदी सहज म्हणाल्या,

"अहो, चक्कीवर दळण टाकेल शे. ते लई या."

नानांनी चमकून पाहिलं. "आते?"

"आते. चक्कीवाला जेवाले जाई, मंग चार वाजालोंग बसा."

"अठे दोर कोन धरी?"

"दोर खुंटाले बांधा. ती काय पळी जाई का? तुम्हीच सांगतस, तिले काहीच व्हत नही."

नानांनी दोर बांधला, टोपी नीट केली आणि दारातून दोनदा मागे वळून पाहत ते गेले. त्यांची पावलं गल्लीच्या टोकाला ऐकू येईनाशी झाली, तेव्हा कुंदाबाई काठी घेऊन उठल्या.

"वीस मिनिट व्हयनात. एकशे दहा."

मृणालीनं मान वर केली.

"शंभर," कुंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या आता काठी सोडतच नव्हत्या. "ब्याण्णव. सत्तर व्हयनात, बाई. देखा तरी इकडे."

मृणाली पाहतच होती. शेवंताची मान उतरत होती, न थांबता, एखाद्या दमलेल्या माणसानं अंथरुणाला पाठ लावावी तशी. पुढचे पाय थोडे फाकले. ओठ लोंबला. पंचविसाव्या मिनिटाला मान खाली येऊन थांबली.

"त्रेचाळीस," कुंदाबाईंनी वाचलं आणि ठळक अक्षरात लिहिलं.

"अक्का, हे काय झालं?"

"दळण लेवाले गयात." कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला, खांदे हलवून हसल्या आणि मग मिटल्या तोंडानं, अगदी बारीक, नानांची नक्कल करून दाखवली. शेवंताचा कान हलला. कुंदाबाईंनी घाबरून दोन्ही हात तोंडावर धरले. मान जागची हलली नाही. "मन्हं नही ऐकत ती," त्या कुजबुजल्या. "मन्हं या घरमा कोन्हीच ऐकत नही."

मृणालीला आधी हसू आलं आणि मग स्वतःचा राग आला. या दोन्ही औषधांत घोडा झोपत नाही, ऐकत असतो, हे तिनं परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. शांतता असावी, असं तिच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं. त्यासाठी तिनं शेजारचा रेडिओ बंद करवला होता, कुत्रं मागच्या दारी बांधलं होतं, कुकर लावू नका म्हणून सांगितलं होतं. एका माणसाचा श्वास तिच्या ध्यानात आला नव्हता. पण राग फार टिकला नाही. आठवडाभर छातीवर बसलेला दगड उतरला होता आणि तिला कुंदाबाईंना मिठी मारावीशी वाटत होती. हातात मोजे चढवलेले होते म्हणून तिनं मारली नाही.

जबडा उघडा ठेवणारी लोखंडी चौकट तिनं शेवंताच्या तोंडात बसवली, कपाळावरचा दिवा लावला आणि हात आत घातला. एकेक दाढ तिनं बोटानं चाचपली.

"अक्का, इकडे या. बघा."

वरच्या दाढांची बाहेरची कड वाढून पातीसारखी झाली होती. तिच्यासमोर गालाच्या आतल्या बाजूला जखम होती, रुपयाएवढी, कडेनं पांढरी पडलेली. दुसऱ्या गालालाही तशीच होती, जरा लहान.

"हाई कवढी जुनी शे?"

"वर्षाची तरी. भरायची, पुन्हा कापली जायची."

"आनि हिले लगाम घाले ते?"

"लगाम ताणला की गाल नेमका याच कडेवर दाबला जात असणार."

कुंदाबाईंनी जखमेकडे पाहिलं. गेल्या हंगामात शेवंता सतरा वरातींत गेली होती. सतराही वेळा त्यांनीच तिला मोरपिसांचा तुरा आणि घुंगरांची माळ बांधली होती आणि ती डोकं झटकते म्हणून सतराही वेळा तिला शिव्या दिल्या होत्या. त्यांना घोडीचं कौतुक नव्हतं, हे खरं. पण आता त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि पदरानं तिची लोंबणारी लाळ पुसली.

कानस फिरायला लागली. दाताची पांढरी भुकटी मृणालीच्या मोज्यांवर पडत होती. अर्ध्या तासानं दारात नाना उभे राहिले, खांद्यावर पिठाचा डबा. समोर त्यांची शेवंता गुडघ्यापाशी मान टाकून, तोंड वासून उभी होती. त्यांचा गळा हलला.

"ऐ!" कुंदाबाईंनी बोट ओठांवर धरलं. "आवाज करानं काम नही."

"मी तोंड बी उघाडं नही," नाना दबक्या आवाजात म्हणाले.

"तोंड उघाडं नही, पन गळामा हं करं. मांगना सोमवारी बी तेच करं. तुम्ही हं करतस म्हनीसन ती मान वर करस. मी तीन डाव मोजं."

नानांना आधी ते पटेना. मग त्यांनी आपल्या गळ्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहिला. डबा खांद्यावरून उतरवायचंही त्यांना सुचलं नाही. मृणालीनं त्यांना जवळ बोलावलं, दिवा त्यांच्या हातात दिला आणि आत पाहायला सांगितलं. नाना बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"माले वाटे, कडबाच खराब शे," ते म्हणाले.

मग थोड्या वेळानं, "हाई इतलं दुखे, तरी मान वर कशी धरे ती?"

"तुम्ही म्हणायचात म्हणून," मृणाली म्हणाली.

तिला ते इतकं सरळ बोलायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही. नानांनी दिवा परत दिला, पिठाचा डबा घेऊन ते घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आतून डबा ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

दुपारी सरांचा फोन आला. सगळं ऐकून ते आधी पोट धरून हसले, मग सर झाले. तुलनेला सगळ्यात खालचा आकडा आणि मान परत वर जायची वेळ, एवढंच लागतं, आजचे दोन्ही चालतील, ते म्हणाले. पण गेल्या सोमवारची नोंद बाद करून ते औषध पुन्हा द्यायचं असेल, तर नोंद का बाद केली याचं लेखी कारण हवं आणि त्याखाली मालकाची सही हवी. त्याशिवाय समिती ऐकणार नाही.

मृणाली कागद घेऊन ओट्यावर बसली. तिला धाकधूक होती. टपरीवर आठवडाभर मिरवलेल्या माणसाला, चूक आमचीच होती, यावर सही करायला सांगायचं होतं. तिनं जमेल तितक्या गोड शब्दांत लिहून वाचून दाखवलं. मालकाच्या आवाजामुळे घोडीची मान वर राहिली, इत्यादी.

"आवाज लिखू नका," नाना म्हणाले.

मृणालीनं कागदावरून वर पाहिलं.

"मी आवाज करा नही. माले ठाऊक नव्हतं, ते मी करं कसं म्हनू?" नाना खाली पाहत बोलत होते. "तठे लिखा, मालकनी सवयमुये. बठ्ठी सवयनी गोट शे. मंग मी सही करस."

तिनं तसं लिहिलं. नानांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि तोताराम हे नाव सावकाश, एकेक अक्षर जोडून लिहिलं.

पुढच्या सोमवारी ती बसमधून फाट्यावर उतरली, तेव्हा टपरीवाल्यानं तिला हाक मारून चहा दिला. सगळी हकीकत त्याला माहीत होती. नानांनी स्वतःच सांगितली होती, फक्त जरा आपल्या पद्धतीनं. शुद्ध हरपलेली असतानाही शेवंता धन्याचा श्वास ओळखते, असं ते आता सांगत होते. तसं घोडं अख्ख्या जिल्ह्यात नाही. मृणालीनं मान डोलावली. शुद्ध हरपलेली नव्हती, हे सांगायला तिच्याकडे वेळ नव्हता.

गव्हाणीत आज चाऱ्याचे गोळे नव्हते. जखमा भरत आल्या होत्या. कुंदाबाई वही, पेन आणि काठी घेऊन आधीच घमेल्यावर बसल्या होत्या आणि आज त्यांनी घड्याळही बांधलं होतं.

"मी जास," नाना म्हणाले. कुणी सांगायच्या आधीच त्यांनी दोर खुंट्याला बांधला.

"दळण नही आज," कुंदाबाई म्हणाल्या.

"तरी जास."

मृणालीनं जुनं औषध टोचलं. पाचव्या मिनिटाला मान शंभरावर आली, दहाव्या मिनिटाला एकसष्टवर. तिथून खाली गेली नाही. तिनं खालच्या दाढांच्या आतल्या कडा घासल्या, तोंड पाण्यानं धुतलं, चौकट काढली. चाळिसाव्या मिनिटाला कान हलायला लागले आणि मान उचलली जाऊ लागली. गेल्या सोमवारी, नव्या औषधाला, दीड तास लागला होता, आज तासाच्या आतच मान पूर्वीच्या जागी आली.

"एकशे एकवीस," कुंदाबाईंनी वाचलं, लिहिलं आणि आकड्याखाली रेघ मारली. "आते तरी सांगशात का? कोनतं काय व्हतं?"

मृणालीनं सांगितलं. कुंदाबाईंनी वही मागे उलटून दोन्ही पानं शेजारी धरली.

"मंग नवं खोल जास आनि टिकस. जुनं लवकर सोडी देस." त्यांनी थोडा विचार केला. "दात घासाले नवं. सुई टोचाले नि पाय देखाले जुनं बस व्हई."

मृणाली त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, जे तिला पंधरा पानं लिहायचं होतं, ते कुंदाबाईंनी घमेल्यावर बसून संपवलं होतं. सहा झाल्या होत्या. पूर्ण सहा. तिनं सरांना तेवढंच लिहून पाठवलं आणि मोजे काढून, या वेळी खरंच, कुंदाबाईंना मिठी मारली.

"पुरे, पुरे," कुंदाबाई म्हणाल्या, पण सुटायची घाई त्यांनी केली नाही. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. "अहो, या आते! व्हई गयं!"

त्यांनी दार उघडून गल्लीत पाहिलं, मग अंगणाच्या भिंतीपलीकडे पाहिलं. नाना तिथेच होते. भिंतीला टेकून उभे. टोपी काढून तोंडावर दाबून धरलेली. गल्लीतून येणारेजाणारे त्यांच्याकडे वळून पाहत होते.

"तुम्ही कवयपासून अठे?"

नानांनी टोपी बाजूला केली. "पैलेपासून."

"मंग हं करं नही ना?"

नानांनी मान हलवली.

ते आत आले. शेवंता आता पुरती जागी होती. तिनं त्यांना पाहिलं, कान पुढे केले. ते खुंट्यापाशी गेले आणि नेहमीप्रमाणे दोर सोडायला वाकले. तेव्हा तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि आपली लांब पांढरी मान उतरवून त्यांच्या खांद्यावर ठेवली. सगळा भार टाकून ठेवली. नाना अर्धवट वाकलेलेच राहिले.

मृणालीनं त्यांचा गळा हलताना पाहिला. कुंदाबाईंनीही पाहिला. आवाज आला नाही.

नानांनी पाय जरा फाकवून भार नीट घेतला. एक हात वर नेऊन घोडीच्या गालावर, बाहेरून, अगदी हलका ठेवला. पाच मिनिटं गेली. कुंदाबाईंनी घड्याळ पाहिलं, चहाचं आधण ठेवून आल्या, तरी दोघं तशीच.

"अहो, कवयलोंग उभा ऱ्हाशात असा?"

"ती म्हनी तवयलोंग," नाना म्हणाले.